पेवाचं तोंड

दगड सरकला आणि वास वर आला. पेवाभोवती उभ्या असलेल्या पाचही जणांच्या नाकात तो एकदमच गेला असणार, पण पहिल्यांदा बोलायला कोणी तयार नव्हतं.

शेवटी मुख्तारिया बोलली. ती जिल्लालीची बायको. या घरात येऊन तिला एकतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत तिनं पोटात ठेवलेली एकही गोष्ट कोणाला आठवत नव्हती.

"हमूम," ती म्हणाली. "गहू काळा पडलाय."

"तोंडापाशी पडतोच," जिल्लाली म्हणाला. "दर खेपेला पडतो."

"दर खेपेला टोपलीभर पडतो, तो कुसकुसाला होतो. हा वास टोपलीचा नाही, अहो. हा पोत्यांचा आहे."

जिल्लालीचा थोरला भाऊ बूझियान पहारीवर रेलून उभा होता. त्यानं धाकट्या भावाकडं बघितलं नाही आणि पेवातही बघितलं नाही. आत काय असणार ते त्याला ठाऊक होतं. मार्चपासून, उन्हं तापायला लागल्यापासून, दगडाच्या कडेला नाक नेलं की तो आंबूस, मधासारखा वास त्याला यायचा. बाकी कोणी तिथं नाक नेत नव्हतं, कारण बाकी कोणाला तसं करायचं कारण नव्हतं.

पेव भरलं होतं चार वर्षांपूर्वी, त्या मोठ्या सुगीला. त्यानंतरच्या तीन सुग्या कोरड्या गेल्या आणि यंदा तर जव उभाच मेंढ्यांना चारला. घरातल्या कणग्या रिकाम्या होत्या. दोन्ही भावांचं बियाणं म्हणून जे काही उरलं होतं ते या एका खड्ड्यात होतं. आजोबांच्या वेळचा टणक गहू, काळ्या कुसळांचा, छातीइतका वाढणारा. वस्तीत आता दुसऱ्या कोणाकडं तो राहिला नव्हता. गेल्या आठवड्यात पाऊस होऊन जमिनीत चार बोटं ओल गेली होती. ती टिकली तर दहा दिवस टिकेल. तेवढ्यात बी जमिनीत जायला हवं.

"मी उतरतो," अद्दा म्हणाला. बूझियानचा हा मुलगा सव्वीस वर्षांचा होता आणि त्याला थांबणं जमत नसे. त्यानं कोटही काढला होता.

"मागं हो," बूझियान म्हणाला. "आधी कंदील."

पेटवलेला कंदील दोरीनं खाली सोडला. पेवाची मान अरुंद, खाली पोट रांजणासारखं. कंदील मानेतून गेला, हातभर खाली गेला आणि विझला. कोणी फुंकल्यासारखा.

"बघितलंस?" जिल्लाली पुतण्याला म्हणाला. "तू आता तिथं असतास."

आज उतरणं नाही, हे सगळ्यांना कळलं. आंबलेल्या पेवातली हवा माणसाला हाकही मारू देत नाही. ते दिवसभर उघडं ठेवायचं, वर बुरनूस हलवून वारा घालायचा आणि उद्या सकाळी पुन्हा कंदील सोडायचा. जिल्लालीनं आपला बुरनूस, तो घोळदार लोकरी झगा, अंगातून काढला, दोन टोकं स्वतः धरली, दोन अद्दाच्या हातात दिली, आणि काका-पुतणे चादर झटकावी तसा तो पेवाच्या तोंडावर झटकू लागले.

मुख्तारिया मात्र खाली बसली होती. दगडाच्या कडेनं सुटून पडलेल्या मातीचं एक ढेकूळ तिनं उचललं, फोडलं, तळहातावर चोळलं.

"हे सेत्तीचं लिंपण नाही," ती म्हणाली.

बुरनूस थांबला.

"काय म्हणालीस?"

"सेत्ती मातीत भुसा कालवायची आणि दोन रात्री मुरवत ठेवायची. मी तिच्याशेजारी बसून चार वर्षांपूर्वी हे तोंड लिंपलंय. यात भुशाची एक काडी दाखवा मला. ही नुसती माती आहे. वाळली, तडकली, पाणी आत गेलं." तिनं हात झटकले. "मधे कोणीतरी पेव उघडलंय."

सेत्ती म्हणजे बूझियानची बायको. तिला जाऊन आठ महिने झाले होते. तिचं नाव निघालं की घरात सगळे क्षणभर गप्प व्हायचे. या वेळी तेवढंही कोणी थांबलं नाही.

"अद्दा," जिल्लाली म्हणाला.

"काय काका?"

"मी तुला एकदाच विचारतो."

"मला कशाला विचारता?"

"दोन वर्षं झाली, तू सहकारी गोदामाच्या बियाण्याचं पुराण लावलंयस. बुटकं बी, लवकर येणारं बी. जुन्या गव्हात काही दम नाही म्हणून माझ्याच ओट्यावर बसून सांगतोस. हे पेव गेलं तर तुझंच खरं होणार की नाही?"

"म्हणून मी घरचं बी नासवीन?" अद्दाचा आवाज चढला. "काका, बुटक्या बियाला काड कमी येतं हे मला कळतं. मेंढ्या काय खातील तेही कळतं. मी एवढंच म्हणत होतो की अर्ध्या रानात ते टाकून बघू."

"म्हणजे नाही म्हणत नाहीस."

"नाही! नाही म्हणतोय!"

बद्रा तोवर भिंतीपाशी उभी होती. बूझियानची ही मुलगी काल बसनं रेलिझान शहरातून खास पेव उघडायच्या कामाला आली होती. लहानपणापासून काकूच्या मांडीवर वाढलेली, काकाची लाडकी. पण भावावर बोट आलं तशी ती पुढं आली.

"काका, याला विचारता, ठीक आहे. पण या घरात एकट्यानं दगड कोणी उचलला होता ते सगळ्या वस्तीला माहीत आहे."

जिल्लालीच्या हातातलं बुरनुसाचं टोक खाली पडलं.

ती गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची होती. फ्रेंचांच्या काळात धान्य जप्त होऊ नये म्हणून पेवाची जागा फक्त बापाला आणि दोन मुलांना ठाऊक असायची, आणि मरताना बापानं दोघांना बजावलं होतं की दोघंही हजर असल्याशिवाय दगड हलवायचा नाही. जिल्लालीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात पाहुणे अपेक्षेपेक्षा जास्त आले. बूझियान बाजारातून परतायचा होता. जिल्लालीनं दगड उचलला. नेमका तेव्हाच बूझियान आला आणि त्यानं व्याह्यांसमोर, वऱ्हाडासमोर, भावाला तो दगड परत जागेवर ठेवायला लावला. मग स्वतः शेजारी उभं राहून पुन्हा उचलायला लावला. 'बापाचा शब्द लग्नाहून मोठा आहे,' असं तो तेव्हा म्हणाला होता. वस्तीतली पोरं पुढं कित्येक दिवस हे वाक्य एकमेकांना म्हणून दाखवायची.

जिल्लाली आता पुतणीकडं बघत नव्हता. तो थोरल्या भावाकडं बघत होता. बूझियान काहीतरी बोलेल, पोरीला गप्प करेल, एवढीच त्याची अपेक्षा असावी.

बूझियानला वाटलं होतं की हे निभावून जाईल. पाऊस, उंदीर, नशीब, कशावर तरी जाईल. मार्चपासून त्यानं यापलीकडं काही ठरवलं नव्हतं. पण आता त्याच्या मुलीनं त्याचाच जुना दगड उचलून त्याच्याच भावाला मारला होता.

"मी उघडलं," तो म्हणाला.

कोणाला नीट ऐकू गेलं नसावं.

"जानेवारीत. एकट्यानं. मी उघडलं."

"बाबा," बद्रा म्हणाली.

"तिला हमूम खायचा होता."

मुख्तारिया उभी राहत होती, ती पुन्हा खाली बसली.

बूझियानला लांबण लावून सांगता येत नसे. त्यानं पहार भिंतीला टेकवली आणि जसं झालं तसं सांगितलं. सेत्तीच्या पोटात तेव्हा काही ठरत नव्हतं. दूधसुद्धा नाही. एका सकाळी ती म्हणाली, काळ्या पडलेल्या गव्हाचा कुसकुस असता तर दोन घास गेले असते. वस्तीत कोणाकडं पेवच उरलं नव्हतं तर हमूम कुठला? बाजाराचा रस्ता चिखलानं बंद. जिल्लाली खेचर घेऊन त्याच चिखलातून कसाबसा गेला होता, तो दोन दिवस येणार नव्हता. म्हणून भर दुपारी यानं दगड उचलला.

"मग? मिळाला?" मुख्तारियानं विचारलं.

"नाही. पालथा पडून खांद्यापर्यंत हात घातला. भिंतीकडून काढला, मधून काढला. एक दाणा काळा नव्हता. सगळा पिवळाधमक." तो थांबला. "मूठभर तसाच नेला तिच्याकडं. म्हटलं, बघ, नाहीये. तिनं एक दाणा चावला. म्हणाली, किती छान राहिलाय. खूश झाली. तिचंच लिंपण होतं ना. मग म्हणाली, तोंड नीट बंद केलंत ना? मी म्हटलं, केलं."

"आणि केलं नव्हतंत."

"केलं होतं. मला येतं तसं. भिंत बांधायची तर मी बांधीन, मुख्तारिया. लिंपण मी जन्मात केलं नाही. पाऊस पडत होता, भुसा भिजलेला होता. नुसती माती थापली."

त्या हिवाळ्यात पाऊस झाला तो तेवढाच. शेताला पुरला नाही, पेवाला पुरला.

"इतका वेळ," अद्दा म्हणाला. "काका मला बोलत होते. तुम्ही इथं उभे होता."

"हो."

"बोलू दिलंत."

"हो," बूझियान म्हणाला.

अद्दानं कोट उचलला आणि तो उताराकडं निघून गेला. बद्रा त्याच्यामागं गेली. मुख्तारिया आपली पायरी ओळखून होती. ती बाप-लेकाच्या मधे पडली नाही, खाली पडलेली बुरनुसाची दोन टोकं उचलून नवऱ्याजवळ गेली. पण जिल्लाली ते धरेना. तो पेवाच्या काठाला बसला होता आणि खाली, जिथं कंदील विझला तिथं, बघत होता.

"अकरा वर्षं," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी या दगडावरून पाय टाकत नाही, दादा. वळसा घालून जातो. तुझ्या लक्षात आलं होतं?"

"आलं होतं."

"आणि तू गुपचूप उचललास."

"उचलला."

"मला सांगितलं असतंस तर मी दगड धरला असता."

"तू बाजारात होतास."

"बाजार संपतो, दादा." जिल्लालीनं मान वर केली. "दोन दिवसांत मी परत आलो होतो. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. वहिनीला मातीत ठेवताना मी तुझ्या शेजारी उभा होतो. तेव्हा सांगितलं असतंस तरी चाललं असतं. मार्चमधे सांगितलं असतंस तर आपण दोघांनी मिळून तोंड पुन्हा लिंपलं असतं. हिनं लिंपलं असतं."

"भुसा घालून," मुख्तारिया म्हणाली.

बूझियाननं वाकून बुरनुसाची उरलेली दोन टोकं उचलली आणि भावासमोर धरली. बराच वेळ तो तसाच उभा राहिला, हात पुढं करून. मग जिल्लाली उठला. दुसरी टोकं त्यानं बायकोच्या हातातून घेतली आणि दोघं म्हातारे ऊन उतरेपर्यंत पेवाला वारा घालत राहिले. बूझियानचे खांदे भरून आले होते, पण त्याला मार्चनंतर पहिल्यांदा पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटत होतं, तेही त्या वासात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील गव्हापर्यंत गेला आणि जळत राहिला.

अद्दा आला होता. कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं काखेतून दोर घेतला आणि बूझियान गाठ बघायला पुढं झाला, तसा तो मागं सरला.

"तुम्ही नका बांधू. काका बांधतील. तुम्ही बंद केलेलं काही टिकत नाही."

बूझियान मुकाट्यानं मागं झाला. जिल्लालीनं गाठ मारली, दोनदा ओढून बघितली, आणि अद्दा 'बिस्मिल्ला' म्हणून मानेतून खाली उतरला.

पहिल्या टोपल्या काळ्या आल्या. काळ्या म्हणजे गूळ जळल्यासारख्या तपकिरी, दाण्याला दाणा चिकटलेला. बायका त्या चटईवर ओतत होत्या. पाच टोपल्या, दहा, सोळा. बूझियान दोर ओढत होता आणि प्रत्येक टोपली वर आली की तिच्या रंगाकडं बघत होता. विसाव्या टोपलीनंतर खालून काहीच येईना.

"अद्दा!" जिल्लाली ओरडला. "बरा आहेस ना?"

खालून आवाज आला तो रांजणात बोलल्यासारखा. "काका, ऐका!"

"काय ऐकू?"

"गप्प बसा आणि ऐका!"

सगळे पेवाच्या तोंडावर वाकले. खालून एक कटकन आवाज आला.

"दात तुटला की गहू?" मुख्तारियानं विचारलं.

"गहू! मधला गहू! कोरडा आहे, काकू! भिंतीकडचा गेलाय, वरचा गेलाय, पण मधे हात घातला की..." पुन्हा कटकन आवाज. "पिवळा आहे! बाबा, पिवळा आहे!"

कालपासून त्यानं बाबा म्हटलं नव्हतं. म्हटल्याचं त्याच्याही लक्षात आलं नसावं.

दुपारपर्यंत सात पोती निघाली. दोन्ही घरांची रानं पेरून एखादं पोतं उरलं असतं. पण जिल्लालीनं दाणे तळहातावर घेतले, हुंगले, आणि त्याचा चेहरा काही उजळला नाही.

"दिसायला जिवंत आहे," तो म्हणाला. "पण आठ महिने त्या उबेत पडलाय. शेजारी सगळं आंबत होतं. आतला कोंब मेला असेल तर आपण भाकरीचं पीठ पेरतोय."

"चार दिवसांत कळेल," मुख्तारिया म्हणाली. तिनं कच्च्या लोकरीचा जाड पेळू आणला, कोमट पाण्यात भिजवून पिळला, पसरला, त्यात दोन मुठी दाणे पेरले आणि गुंडाळी केली. या घरात बियाण्याची परीक्षा अशीच व्हायची. ओली लोकर आणि ऊब.

"चुलीपाशी ठेवूया?" बद्रानं विचारलं.

"चूल कधी जळते, कधी विझते. याला सारखी ऊब पाहिजे. अंगाची." ती वळली. "भावजी, सदरा वर करा."

"मी?"

"मग कोण? ज्यानं पेव उघडलं त्यानं पोटाशी बांधायचं. चार दिवस, चार रात्री. झोपायचं उताणं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, आणि दिवसातून दोनदा कोमट पाणी शिंपडायला माझ्याकडं यायचं."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते मीच म्हणते," मुख्तारिया म्हणाली आणि गुंडाळी त्याच्या पोटावर ठेवून पटक्याच्या लांब फडक्यानं आवळली. "कितवा महिना, भावजी?"

जिल्लाली दुसरीकडं तोंड करून खोकला. तो खोकला नव्हता, हे बूझियानला कळलं. त्याला बरं वाटलं.

ते चार दिवस घर विचित्र चाललं. बूझियान ओट्यावर उन्हात पाय पसरून बसायचा, पोट पुढं काढून, आणि पोटावरून गार पाण्याचा थेंब मांडीवर ओघळला की दचकायचा. वस्तीतल्या बायका काहीतरी निमित्त काढून यायच्या. एकीनं आंबट काहीतरी खावंसं वाटतं का म्हणून विचारलं. मशिदीतून परतणाऱ्या म्हाताऱ्यांनी, मुलगा की मुलगी, म्हणून आवाज दिला. बायको गेल्यापासून हे लोक त्याच्याशी हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसे बोलत होते. आता कोणी तसं बोलेना.

काळा गहू बायकांनी धुतला, वाळवला, जात्यावर भरडला. तिसऱ्या दिवशी बद्रानं त्याचा कुसकुस वाफवला आणि तो वास सगळ्या उतारावर पसरला. पेवं मोडल्यापासून वस्तीत कोणी हमूम बघितला नव्हता. वाडगी येत राहिली, भरून जात राहिली. एका बाळंतिणीसाठी, एका पोटदुखीवाल्यासाठी, आणि बाकीची नुसत्या आठवणीसाठी.

दुपारी सगळे एका परातीभोवती बसले. बूझियानला वाकता येत नव्हतं, म्हणून बद्रानं त्याच्या हातात वेगळं वाडगं दिलं. त्यानं ते बराच वेळ तसंच धरलं. काळपट, ओलसर दाणे, वर चणे आणि वितळलेलं लोणी.

"आईला हवा होता तो हाच," बद्रा हळूच म्हणाली.

"हाच," तो म्हणाला. "नऊ महिने उशिरा झाला."

मग जिल्लाली म्हणाला, "वहिनी म्हणाली असती, मीठ कमी आहे."

"म्हणाली असती," मुख्तारिया म्हणाली. "आणि ते खरं आहे. बद्रा, मीठ आण गं."

बूझियाननं घास घेतला, तो गेला. दुसराही गेला. वाडगं संपलं तेव्हा त्यानं ते मुलीपुढं धरलं आणि तिनं न विचारता पुन्हा भरलं.

जेवण झाल्यावर अद्दानं सांगून टाकलं. पेव उघडलं त्या दिवशी उताराकडं गेला तो थेट मोठ्या रस्त्यापर्यंत गेला होता. तिथून मिळालेल्या गाडीनं गोदाम गाठलं आणि दोन्ही घरांची नावं बियाण्याच्या यादीत घातली. उद्या दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. नाहीतर वाटा दुसऱ्याला जाणार.

"दोन्ही घरांची?" जिल्लाली म्हणाला. "मला न विचारता?"

"या घरात सगळे न विचारताच करतात, काका."

जिल्लालीनं तोंड उघडलं, भावाकडं बघितलं, आणि मिटलं. मुख्तारिया हसू दाबायला परात घेऊन उठली.

"चांगलं केलंस," बूझियान मुलाला म्हणाला. "माझ्या भरवशावर राहिला नाहीस ते बरं केलंस." थोड्या वेळानं तो म्हणाला, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. पहिल्याच शब्दाला."

अद्दा जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. "रात्री उताणं झोपवतं का?" त्यानं विचारलं.

"नाही. भिंतीला टेकून बसतो."

"मग आज मी बांधतो थोडा वेळ. तुम्ही कुशीवर झोपा."

"मुख्तारिया मारील."

"तिला कोण सांगतंय?"

"मला ऐकू आलंय," आतून मुख्तारिया म्हणाली. "पहाटेच्या आत परत त्यांच्या पोटावर गेली पाहिजे."

चौथ्या दिवशी सकाळी अद्दा शहरी कोट घालून तयार होता. नऊची बस पकडून गोदामात जायचं होतं. जायच्या आधी गुंडाळी उघडायची. कोंब नसतील तर तो 'हो' सांगून येणार, बुटकं बी दोन्ही रानांत पडणार, आणि सात पोती दळायला जाणार. मग काळ्या कुसळांचा गहू या घरातून गेला तो गेलाच. पुन्हा आणायला कोणाच्या दारात जाणार?

अंगणात सगळे उभे होते. भिंतीपलीकडं शेजारच्या बायका होत्या. त्या तिथं का आहेत हे कोणी विचारलं नाही. बूझियाननं सदरा वर धरला. मुख्तारियानं फडकं सोडलं. त्याच्या पोटाची कातडी खूप वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी पांढरी, सुरकुतलेली झाली होती. त्यानं आकाशाकडं बघितलं. आपल्याला काय मागायचंय ते त्याला नीट मांडता येईना, म्हणून त्यानं नुसतं 'या रब्बी', हे देवा, एवढंच म्हटलं.

मुख्तारियानं गुंडाळीची कड धरली आणि ओढली. गुंडाळी उलगडेना.

"मी एवढी घट्ट केली नव्हती," ती पुटपुटली. पुन्हा ओढली. लोकर ताणली गेली, पण सुटेना.

"चिकटली असेल," बद्रा म्हणाली. "आंबली असेल." तिचा आवाज बारीक झाला होता.

"आण इकडं," जिल्लाली म्हणाला.

त्यानं ती तळहातावर घेतली आणि कडेला दिसणारा एक दाणा दोन नखांत पकडला. हळूच उचलला. दाण्याबरोबर लोकर उचलली गेली. त्यानं हात आणखी वर नेला. लोकरीची अख्खी गुंडाळी त्या एका दाण्याला लटकून वर आली.

मुख्तारियानं जवळ डोळे नेले. "मुळं आहेत," ती म्हणाली. "अरे, ही मुळं आहेत! सगळी लोकर विणून टाकलीय!"

मग कडेनं तिनं बोटानं लोकर फाडली आणि आत पांढरं जाळं दिसलं. केसासारखी मुळं, एका दाण्याची दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात, आणि मधूनमधून नखाएवढे फिकट कोंब. किती उगवले, किती नाही, ते मोजायचं कोणाच्या मनातही आलं नाही. अद्दानं आपल्या कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली.

जिल्लाली अजून ती गुंडाळी हवेत धरून होता. त्यानं थोरल्या भावाकडं बघितलं. बूझियान पोट उघडं टाकून, दोन्ही हातांनी सदरा वर धरून तसाच उभा होता.

"सुटलास, दादा," जिल्लाली म्हणाला.

मुख्तारियाला तेवढंच हवं होतं. ती भिंतीकडं धावली आणि पलीकडं ओरडली, "सुटले गं! आमचे मोठे भावजी सुटले!" पलीकडून आधी हसू फुटलं, मग बायकांनी जिभा टाळ्याला लावून जन्माच्या वेळी करतात तसा आनंदाचा कल्लोळ केला, एकीचा संपायच्या आत दुसरीचा. बद्रा हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं.

बूझियान ओट्याच्या कडेला बसला. जिल्लाली त्याच्याजवळ आला, लोकर जपून बद्राच्या ओंजळीत ठेवली, आणि आपल्या हातांनी भावाचा सदरा खाली ओढून नीट केला.

"ऊठ," तो म्हणाला. "नांगर जुंपायचाय. आणि त्याच्याआधी हिच्याकडून लिंपण शिकून घे."

"भुसा घालून," बूझियान म्हणाला, आणि उठला.